प्रोब गेला? आधी मोजा!

आमचा ओव्हन १८० अंश दाखवायचा आणि केक मात्र आत कच्चाच. सगळ्यांचं एकच म्हणणं, "प्रोब गेला, नवीन मागव."

हाच आरोप दीडशे वर्षांपूर्वीही झाला होता. १८७१ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी मांडलं, की प्लॅटिनमची तार तापली की तिचा रेझिस्टन्स ठरावीक हिशेबाने वाढतो. तो मोजा, तापमान कळेल. पण त्यांचे थर्मामीटर भट्टीत तापले की आकडे सरकायचे. लोकांचा प्लॅटिनमवरचा विश्वासच उडाला. मग १८८७ मध्ये केंब्रिजच्या ह्यू कॅलेंडर यांनी दाखवून दिलं, की तार शुद्ध ठेवली, तिच्यावर ताण येऊ दिला नाही, तर आकडा पक्का येतो. दोष तारेचा नव्हताच, बांधणीचा होता.

आमच्या ओव्हनमध्ये तीच प्लॅटिनमची जात आहे, पीटी-१०००. शून्य अंशाला १००० ओहम, पुढे दर अंशाला साधारण ३.८५. ओव्हनचा प्लग काढला, मल्टिमीटर लावला. खोलीत २५ अंश. थेट प्रोबवर १०९७, एकदम बरोबर! वायरच्या दुसऱ्या टोकाला मात्र ११७४. मधला कनेक्टर गंजला होता. जास्तीचे ७७ ओहम म्हणजे सुमारे २० अंशांची थाप. ओव्हनला वाटायचं १८०, आत जेमतेम १६०.

कनेक्टर बदलला. प्रोब जुनाच आहे, केक आता नीट भाजला जातो.