‘शक्ती’ संगीतसमूह : कावेरीच्या खोऱ्यातून लंडन-जिनिव्हापर्यंत

भारतीय आणि पाश्चात्त्य कलावंतांनी परदेशातील स्टुडिओंमध्ये एकत्र येऊन केलेल्या प्रायोगिक ध्वनिमुद्रणांत ‘शक्ती’ या संगीतसमूहाचे स्थान अग्रभागी आहे. इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम्‌वादक टी. एच. ‘विक्कू’ विनायकराम हे त्याचे प्रमुख कलावंत होते. या प्रयोगामागील परंपरेचा मागोवा घेताना तमिळनाडूतील तंजावर-कुंभकोणम परिसरापर्यंत जावे लागते आणि तेथे मराठी वाचकाला आपल्याच इतिहासाचे एक पान उघडलेले दिसते.

कुंभकोणमची पार्श्वभूमी

तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे मंदिरांचे नगर आहे. नागस्वरम् आणि तविल या वाद्यांचा नाद हा तेथील देवळांच्या नित्यक्रमाचाच भाग मानला जातो. जवळच्या नरसिंगमपेट्टै या गावी नागस्वरम् तयार करणाऱ्या कारागिरांची परंपरा असून, त्यांच्या वाद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मराठीत ज्याला अंजन म्हणतात, त्या झाडाचे जुने, मुरलेले लाकूड या वाद्यासाठी वापरले जाते.

या प्रदेशावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी आपल्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांना आश्रय दिला. याच काळात युरोपीय व्हायोलिन कर्नाटक संगीतात स्थिरावू लागले. बाळुस्वामी दीक्षितर आणि तंजावरचे वडिवेलू यांची नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. वाद्य परकीय राहिले, परंतु मांडी घालून बसण्याची पद्धत, तारांची जुळणी आणि गमक यांमुळे त्याचे रूप पालटले. तंजावरच्या मृदंगवादनाच्या परंपरेतही नारायणस्वामी अप्पा या मराठी वादकाचे नाव आदराने घेतले जाते. सीमा ओलांडून होणारा संगीताचा व्यवहार या भागाला नवा नव्हता, असे म्हणता येईल.

समूहाची स्थापना

मॅक्लॉफ्लिन यांचा जन्म १९४२ मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. जॅझमधील ख्यातनाम ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासमवेत काम केल्यानंतर त्यांनी १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा विद्युतवाद्यांचा समूह स्थापन केला. पुढे अमेरिकेतील वेस्लेयन विद्यापीठात त्यांनी एस. रामनाथन यांच्याकडे वीणावादनाचे धडे घेतले. त्यानंतर, प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, त्यांनी विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा गाजावाजा बाजूला सारला आणि भारतीय कलावंतांसमवेत जमिनीवर बसून वाजविण्याचा मार्ग स्वीकारला.

समूहाची पहिली ध्वनिमुद्रिका ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथे झालेल्या मैफलीत मुद्रित झाली. त्या वेळी मृदंगम्‌वादक रामनाड व्ही. राघवन हेही समूहात होते. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे काम १९७६ मध्ये लंडन येथे, तर तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे १९७७ मध्ये जिनिव्हा येथे झाले.

प्रयोगाचे स्वरूप

हा प्रयोग दुहेरी होता. पूर्व आणि पश्चिम यांच्यातील सीमा सर्वांना दिसत होती. परंतु भारतातच हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन पद्धतींमध्ये असलेले अंतरही तितकेच मोठे होते. तबला आणि घटम् यांचे बोल, तालांची नावे आणि मोजण्याची रीत वेगवेगळी. असे असतानाही झाकिर हुसेन आणि विनायकराम यांनी आपापली भाषा न सोडता परस्परांशी संवाद साधला.

गिटारच्या पडद्यांमुळे मींड आणि गमक घेण्यावर मर्यादा येतात. यावर उपाय म्हणून मॅक्लॉफ्लिन यांच्यासाठी खास गिटार तयार करण्यात आली. तिचे पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केले होते आणि मुख्य तारांखाली तिरक्या बसविलेल्या तरफेच्या सात तारा होत्या. घटाची अडचण वेगळी होती. भाजलेल्या मातीच्या घटाचा स्वर तबल्याप्रमाणे हातोडीने जुळवून घेता येत नाही. त्यामुळे हव्या त्या स्वराचा घट निवडून, तो न फुटता देशोदेशी न्यावा लागतो.

मोठ्या कंपनीचा पाठिंबा असूनही विक्रीच्या बाबतीत ‘शक्ती’ला मॅक्लॉफ्लिन यांच्या आधीच्या समूहाइतके यश लाभले नाही. १९७० चे दशक संपण्यापूर्वीच समूहाचे काम थांबले.

मुंबईतील ध्वनिमुद्रण

१९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने समूह पुन्हा उभा राहिला. विनायकराम यांचे पुत्र व्ही. सेल्वगणेश यांनी खंजिरा हाती घेतली आणि यू. श्रीनिवास यांचे मँडोलिन समूहात दाखल झाले. डिसेंबर २००० मध्ये ध्वनिमुद्रणासाठी समूह मुंबईत आला. ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ या नावाने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ध्वनिमुद्रिकेत संतूरवादक शिवकुमार शर्मा, चेंबूरमध्ये वाढलेले गायक शंकर महादेवन आणि तविलवादक ए. के. पळनिवेल यांचा सहभाग होता. कावेरीकाठच्या देवळांतून घुमणारे तविल अशा रीतीने मुंबईच्या रंगमंचावर गिटारच्या शेजारी ऐकू आले.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी श्रीनिवास यांचे वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन यांच्यासह समूहाने २०२३ मध्ये ‘धिस मोमेंट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी झाकिर हुसेन यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले आणि पाच दशकांच्या या सहप्रवासाचा एक मुख्य दुवा निखळला.

तंजावरने युरोपचे व्हायोलिन आपलेसे केले. सुमारे दीडशे वर्षांनी एल. शंकर यांच्या हातून तेच वाद्य कर्नाटक संगीताचा संस्कार घेऊन लंडन आणि जिनिव्हाच्या स्टुडिओंत पोहोचले. परक्या वाद्याला आपल्या सुरात बोलते करण्यास तंजावरला काही पिढ्या लागल्या होत्या. ‘शक्ती’च्या कलावंतांच्या हाती त्यासाठी केवळ काही वर्षे होती. त्यांनी ती एकमेकांचे ऐकण्यात घालविली, हेच या ध्वनिमुद्रणांचे महत्त्व आहे.