रामप्रसादची मिशी आणि आपला मीरा रोड

हृषीकेश मुखर्जींचा 'गोलमाल' (१९७९) टीव्हीवर लागला की आपण चॅनेल बदलत नाही. ती मिशी, तो आखूड कुर्ता, उत्पल दत्तचं ते ओरडणं! पण पुढच्या वेळी तो नोकरीचा इतिहास म्हणून बघा.

रामप्रसाद सीए झालेला, हुशार पोरगा. तरी नोकरीसाठी काय काय करतो? भवानीशंकर साहेबांना बिनमिशीचा माणूस चालत नाही आणि तरुणांना खेळाचा नाद असलेला तर मुळीच नाही. ही खबर त्याला देतात डॉ. केदार, म्हणजे आपले डेव्हिड, मूळचे चेऊलकर, मराठी घरातले बेने इस्रायली. मग उसना कुर्ता येतो. १९७७ ला पेले कोलकात्यात येऊन गेलेला, सगळा देश वेडा झालेला, आणि मुलाखतीत हा पठ्ठ्या आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही असा चेहरा करून बसतो. नोकरी पक्की! पुढे हॉकीची मॅच बघताना पकडला जातो आणि बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालतो. हा भाऊ साहेबांच्या मुलीला गाणं शिकवतो, म्हणजे सिनेमातलं संगीतसुद्धा थापेतूनच आलं.

अमेरिकेत १९६७ ला असाच एक गाण्यांचा विनोदी सिनेमा निघाला होता, 'हाऊ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्राइंग'. खिडक्या पुसणारा फिंच एक पुस्तक वाचून कंपनीत शिरतो. साहेबांच्याच कॉलेजचा असल्याचं सोंग करतो, साहेबांना विणकामाची आवड म्हणून आपणही विणतो, आणि थेट चेअरमन होतो. युक्ती तीच, भूक मात्र वेगळी. फिंचला शिडीचं टोक हवंय. रामप्रसादला पहिल्याच पायरीवर पाय टिकवायचाय.

ती पहिली पायरी इथे किती महाग होती बघा. फिंच तिकडे चढत होता त्याच सुमारास मुंबईत 'मार्मिक' कंपन्यांतल्या साहेबांच्या नावांच्या याद्या छापत होतं. सदराचं नाव 'वाचा आणि थंड बसा'. १९६६ ला शिवसेना निघाली ती याच रागातून. त्या राजकारणाबद्दल कुणाचं काही मत असो, घराघरातला प्रश्न एकच होता: पोराला ऑफिसात चिकटवायचं कसं? खुद्द अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. म्हणूनच तो टेबलामागे बसलेला खरा वाटतो, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे या. १९८५ ला ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ ला महापालिका. मिठागरांच्या या गावांत फ्लॅट घेऊन आलेल्यांत रामप्रसादच्या पिढीचे नोकरदार कितीतरी. त्यांच्या मुलांच्या वेळी नोकरी म्हणजे कॉल सेंटर.

आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. तरुण मुलंमुली रात्री इंग्रजी नावं घेऊन, अमेरिकी उच्चार काढून तिकडच्या लोकांना फोन करत होती. आम्ही तुमच्या आयकर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल! घाबरलेली माणसं गिफ्ट कार्ड घेऊन त्यांचे नंबर सांगायची. पोलिसांनी ७०० हून अधिक जणांना ताब्यात घेतलं, अटक साधारण ७० जणांना.

रामप्रसादने थाप मारून इमानदारीचं काम मिळवलं होतं. साहेब त्याच्या हिशेबावर खूश असायचे. इथे थाप हेच काम, तिची स्क्रिप्ट कागदावर लिहिलेली, आणि महिन्याला पगार. यात लबाड होते, तसे पहिली नोकरी म्हणून आलेलेही असणार. बहुतेकांना चौकशी करून सोडलं. त्यांच्या पुढच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलंच असेल, "आधी कुठे होतात?"