कावळा, फांदी आणि मांजराची कातडी

पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर न भरणारी जखम दिसली की पशुवैद्य आधी उन्हाला दोष देतात, आणि त्याला भक्कम आधार आहे. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात अशा जखमेमागे असणाऱ्या कातडीच्या कर्करोगाचा धोका पांढऱ्या मांजरांना इतरांपेक्षा सुमारे १३ पट आढळला. कातडीत रंगद्रव्य नाही, कानानाकावर केस विरळ, त्यामुळे अतिनील किरण थेट पेशींच्या जनुकांवर घाव घालतात. पुढे या कर्करोगाच्या काही गाठींत पॅपिलोमा या चामखीळ आणणाऱ्या विषाणूची जनुके सापडू लागली आणि ‘ऊन की विषाणू’ असा वाद उभा राहिला. पण या वादाची मांडणीच चुकीची आहे. कर्करोगाच्या विषाणूंचा इतिहास पाहिला, की ती का चुकते ते कळते.

१९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क बारीक गाळणीतून गाळून निरोगी कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ आली. कोंबडीचे खरे, पण सस्तन प्राण्यांचे काय, असे म्हणून बहुतेकांनी ते बाजूला ठेवले. राऊस यांना नोबेल मिळाले ते थेट १९६६ साली. मधल्या काळात, १९३३ मध्ये, रिचर्ड शोप यांनी अमेरिकेतल्या रानसशांच्या अंगावरचे शिंगांसारखे चामखीळ विषाणूमुळे होतात हे दाखवले. १९३५ मध्ये राऊस आणि बिअर्ड यांना पाळीव सशांत त्याच चामखिळांचा कर्करोग होताना दिसला. गंमत अशी, की पाळीव सशाच्या गाठीतून जिवंत विषाणू परत मिळवणे फार अवघड जाई. रोगजंतू रोग्यात सापडलाच पाहिजे, या तेव्हाच्या रूढ कसोटीवर हा विषाणू निर्दोष सुटला असता. १९३८ साली राऊस आणि किड यांनी सशांच्या कानांना आधी डांबर फासले आणि मग विषाणू रक्तात सोडला, तेव्हा डांबराच्या जागी कर्करोग झपाट्याने उगवले. डांबर की विषाणू, असा प्रश्न तिथे उरलाच नाही.

मांजरांच्या बाबतीत आक्षेप नेमका उलटा आहे. इथे विषाणू सापडत नाही ही अडचण नाही, तो नको तितका सापडतो. मांजरांचा दुसऱ्या प्रकारचा पॅपिलोमा विषाणू पिल्लांना बहुधा आईकडूनच लहानपणी मिळतो आणि निरोगी कातडीवरही मुक्काम करतो. मग गाठीत तो सापडणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे का म्हणू नये? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नुसत्या हजेरीवर खटला उभा राहत नाही. पण काही गाठींत विषाणूची इ-६ आणि इ-७ ही जनुके कामाला लागलेली दिसतात. इ-६ पासून बनणारे प्रथिन पेशीतल्या पी-५३ या कर्करोग रोखणाऱ्या पहारेकऱ्याला नामोहरम करते. शिवाय ‘बोवेनॉइड’ म्हणून ओळखले जाणारे खपलीदार चट्टे दाट केसांखालच्या, रंगद्रव्य असलेल्या कातडीवरही येतात, आणि तिथे उन्हाचे स्पष्टीकरण तोकडे पडते. बहुतेक मांजरे विषाणू बाळगूनही धडधाकट राहतात, एवढ्याने तो सुटत नाही. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणू-१६ शोधला. तो होऊन गेलेल्या बहुतेक स्त्रियांनाही कर्करोग होत नाही, तरी त्याचा दोष आज कोणी नाकारत नाही.

याचा अर्थ प्रत्येक गाठ विषाणूच्या माथी मारावी असा नाही. पांढऱ्या कानांवरच्या कितीतरी गाठींत त्याची जनुके निपचित असतात किंवा सापडतच नाहीत. तिथे ऊन एकटे पुरते. मात्र ऊनही त्याच पी-५३ वर घाव घालते, तेव्हा दोघांनी मिळून एकच दार फोडणे शक्य आहे. फांदी उन्हाने आधीच वाळली होती, हे खरे असले तरी कावळ्याचे वजन त्यामुळे शून्य होत नाही.