ताठरता आणि वीज : एका उपचाराचा इतिहास

मेरुरज्जूस इजा झाल्यानंतर इजेच्या खालील स्नायूंत जी अवस्था उत्पन्न होते, तिला पाश्चात्त्य वैद्यक 'स्पॅस्टिसिटी' म्हणते. या शब्दाच्या मूळ ग्रीक धातूचा अर्थ 'ओढणे' असा आहे. मराठीत आपण 'ताठरता' म्हणतो. परंतु हा शब्द थोडा फसवा आहे. वाळलेले कातडे हळू वाकविले काय किंवा झटक्याने वाकविले काय, त्याचा ताठरपणा तोच. या रुग्णाचा गुडघा मात्र सावकाश वाकविल्यास बहुधा वाकतो, आणि झटक्याने वाकवू गेल्यास अडतो. वेगाशी निगडित असलेले हे लक्षण लान्स यांनी 1980 साली आपल्या व्याख्येच्या केंद्रस्थानी ठेवले. तत्पूर्वी, आणि पुष्कळदा त्यानंतरही, अडणारा सांधा, अवचित येणारे पेटके आणि घोट्याची लयबद्ध थरथर ही तिन्ही एकाच नावाखाली मोजली गेली. या उपचाराच्या इतिहासातील कित्येक विसंवादांचे मूळ येथे असावे, असे मला वाटते.

विजेने स्नायू आकुंचन पावतो, हे गॅल्व्हानीने 1791 साली प्रसिद्ध केलेल्या बेडकांवरील प्रयोगांनी जगास दाखविले. मग ज्या स्नायूचे आकुंचन हेच दुखणे, त्यास वीज कशी मानवावी? ही शंका रास्त होती. तिचे उत्तर शेरिंग्टनच्या शरीरक्रियाविज्ञानात सापडले : एक स्नायू आकुंचन पावत असता त्याच्या विरोधी स्नायूस सैल पडण्याचा आदेश मेरुरज्जूतूनच मिळतो. तेव्हा ताठरलेल्या स्नायूस न छेडता त्याच्या प्रतिस्पर्ध्यास छेडावे. लेव्हिन, नॉट आणि कॅबट यांनी 1952 साली नेमके हेच करून ताठरता उतरल्याचे नोंदविले. युक्ती सुंदर, पण एका वेळी एकाच सांध्यापुरती.

दुसरी वाट वेदनेच्या बाजूने आली, आणि तीही अनपेक्षितपणे. मेल्झॅक व वॉल यांनी 1965 साली वेदनेचा 'द्वार-सिद्धान्त' मांडला. त्याच्या आधारे शीली यांनी 1967 साली मेरुरज्जूच्या पृष्ठभागी विद्युत-अग्र बसविले. हेतू केवळ वेदनाशमनाचा. पुढे कुक व वाइनस्टाइन यांनी मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांत असे उद्दीपन वापरले असता हालचालींतही सुधारणा दिसली, आणि 1973 साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. रिचर्डसन व मॅक्लोन यांनी 1978 साली तीच पद्धती इजेमुळे अधरांग लुळे पडलेल्यांच्या ताठरतेवर योजिली. म्हणजे ज्यासाठी यंत्र घडविले ते एक, आणि ज्यासाठी ते पुढे वापरले गेले ते दुसरेच.

यानंतरचा काळ निराशेचा आहे. पेन व क्रॉइन यांनी 1984 साली बॅक्लोफेन हे औषध थेट मेरुरज्जूभोवतालच्या द्रवात सोडून ताठरता कमी होते असे दाखविले, आणि शस्त्रवैद्यांचे लक्ष तिकडे वळले. 1998 साली मिधा व श्मिट यांनी मेरुरज्जू-उद्दीपनाचा लाभ दीर्घकाळ टिकत नाही आणि खर्चाच्या मानाने तो परवडत नाही, असा निर्णय दिला. हा निर्णय प्रामाणिक होता; परंतु तो विजेविरुद्ध अखेरचा निवाडा म्हणून वाचणे चुकीचे ठरले. कारण 2000 साली पिंटर, गेर्स्टेनब्रँड आणि दिमित्रियेविच यांनी दाखविले की, विद्युत-अग्र मेरुरज्जूच्या वरच्या कटिखंडांवर अचूक बसवून सेकंदाला 50 ते 100 स्पंद दिल्यास पायांतील तीव्र ताठरताही आटोक्यात येते. प्रश्न केवळ वीज द्यावी की न द्यावी एवढाच नव्हता. ती कोठे आणि किती वेगाने द्यावी, हाही होता. याच प्रदेशात सेकंदाला सुमारे 25 ते 50 स्पंद दिले असता पूर्ण लुळ्या पायांतही चालण्यासारखी लयबद्ध हालचाल उठते, हे त्याच परंपरेतील संशोधकांनी नोंदविले आहे. शमन आणि चालन यांत अंतर इतके थोडे.

पुढील टप्पा शस्त्रक्रियेविना आला. हॉफश्टोएटर आणि सहकाऱ्यांनी 2014 साली तीन रुग्णांच्या त्वचेवर अग्रे चिकटवून सेकंदाला 50 स्पंदांनी 30 मिनिटे उद्दीपन केले. 2020 साली त्यांनी 12 जणांवरील निष्कर्ष दिले. परिणाम दोन तासांनंतरही आढळला. त्यांनी मापेही वेगवेगळी ठेविली : हाताने जाणवणारा विरोध, लोंबत्या पायाचा झोका, पेटके, थरथर. एका शब्दाने झाकलेल्या गोष्टी येथे निराळ्या झाल्या. आणि हे आवश्यकही आहे, कारण कित्येक रुग्ण याच ताठरतेच्या आधाराने उभे राहतात किंवा खाटेवरून खुर्चीवर येतात; त्यांच्या बाबतीत किती काढावे आणि किती राखावे, हे त्यांनाच विचारावे लागते.