पुण्याचे नवे नाक

भीमा-नीरेच्या संगमावरील नरसिंहपुरापासून थेट पुण्यापर्यंत पसरलेल्या आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना देवस्थाने, वाडे आणि लढाया यांचे वर्णन आपण मोठ्या हौसेने करितो. परंतु याच जिल्ह्यातील एका शस्त्रक्रियेने लंडनच्या शस्त्रवैद्यांस विचार करावयास लाविले, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही क्वचितच निघते.

ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत छापली आहे. कावसजी (नाव पारशी वाटले, तरी मासिकाच्या म्हणण्याप्रमाणे गृहस्थ मराठा शेतकरी) १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकीत असता टिपूच्या हाती सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आदी डॉक्टरांनी ही क्रिया स्वतः पाहिली होती.

क्रियेची रीत वाचू लागले म्हणजे कौशल्याहूनही तीतील सावधपणाच अधिक मनात भरतो. प्रथम मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्यास नाकाचा आकार द्यावयाचा. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, भोवती रेघ ओढावयाची आणि तेवढी कातडी सोडवावयाची. मात्र दोन भुवयांमधील चिंचोळी पट्टी कापावयाची नाही. सारे मर्म या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त पोहोचते, म्हणून उलटवून खाली आणलेली कातडी मरत नाही. जुन्या जखमेची कड ताजी करून तीत ही कातडी गुंतवावयाची व वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या घालावयाच्या. चार दिवस हात लावावयाचा नाही. पुढे तुपात भिजविलेले कापड. रोग्याने पाचसहा दिवस उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ चिंध्या घालावयाच्या, नाहीतर त्या मिटून जातील. सुश्रुतसंहितेत कातडी गालाची घेतली आहे; पण श्वासासाठी दोन नळ्या घालण्याची काळजी तेथेही आहेच. पट्टी तोडावयाची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी.

आजचे शस्त्रवैद्य वाकडा झालेला नाकाचा पडदा सरळ करितात, ती क्रिया वेगळी. पण धोका त्याच जातीचा. पडद्यातील कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण दोन्ही अंगांच्या अस्तरातून होते. अस्तर व कूर्चा यांमध्ये रक्त साचले आणि ते वेळीच काढले नाही, तर कूर्चा कुजते व नाक खोगिरासारखे खचते. दोन्ही बाजूंचे अस्तर समोरासमोर फाटल्यास पडद्यास भोक पडण्याचे भय. फ्रीअर (१९०२) व किलियन (१९०४) यांनी अस्तर सांभाळून आतली कूर्चा काढण्याची पद्धत रूढ केली, आणि नाकास आधार म्हणून वरची व पुढची सुमारे सेंटिमीटरभर पट्टी राखण्याचा नियम आजही पाळितात.

पुण्याची रीत वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये ती करून पाहिली व १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या त्या पत्रात रोग्याचे नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची आहेत; करणाऱ्याचे मात्र नाही. जेम्स वेल्स याने काढलेले चित्रही विलायतेत पोहोचले. त्यात पगडी घातलेला कावसजी आपले नवे नाक घेऊन बसला आहे, एकटाच.