कागद तोच, निकाल तीन

गुन्ह्याच्या खटल्यात डॉक्टरी दाखला आला, की आपल्याला वाटते, आता प्रश्न मिटला. मी वकील नव्हे, कविता लिहिणारा माणूस. मलाही तसेच वाटे. देसाईगंजच्या खटल्याने तो समज मोडला.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी पोलीसच. डॉक्टरांनी तिला तपासले ते दुसऱ्या दिवशी रात्री आठला. मध्ये सुमारे वीस तास गेले. नोंदी अशा : वय १४ ते १६, अंगावर जखम नाही, कौमार्यपटल पूर्वीच फाटलेले.

आता संमती होती की नव्हती, हे शरीर तपासून कसे कळावे? तो अर्थ वाचणाऱ्यांनी काढला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने संमती मानली, आरोपी सुटले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले, धाकापुढे गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, शिक्षा झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जखम नाही म्हणजे प्रतिकार नाही असे धरले, आरोपी पुन्हा सुटले.

उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर न्यायालयाने तिचे म्हणणे गृहीत धरायचे.

तपासणीतली 'दोन बोटांची चाचणी' मात्र चालूच राहिली. ती करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले ते २०२२ मध्ये. देसाईगंजच्या दाखल्यात तीही नोंद होती.