स्वतःचं तेल स्वतः आणणारं लोखंड

परवा माळा आवरताना बाबांचा कामावरचा खाकी शर्ट सापडला. बाह्यांवरचे काळे डाग अजून तसेच! बाबा टर्नर होते. आई ते डाग घासून घासून दमायची. बाबा हसून म्हणायचे, "अगं, बिडाचा काळा आहे तो. निघायचा नाही. बीड आपलं तेल आपणच घेऊन येतं."

कॉलेजात गेल्यावर एकदा मी शहाणपणाने म्हणाले, "बाबा, लोखंडात कुठलं आलंय तेल?" ते गप्प बसले. आता वाचलं तेव्हा कळलं, चूक माझी होती.

बीड ओतल्यावर ते थंड होताना त्यातला जास्तीचा कार्बन ग्राफाइटचे पापुद्रे होऊन वेगळा पडतो. हे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. म्हणून बीड लेथवर कोरडंच कापता येतं आणि हात काळे होतात. इंजिनाचे लायनर आणि रिंगा बिडाच्या करायचं हेही एक कारण.

यामागचं तत्त्व केंब्रिजच्या बौडन आणि टेबर यांनी १९५० च्या पुस्तकात मांडलं. तांब्यात शिसं विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं अडकून राहतं. बेअरिंग घासलं की ते बाहेर येऊन पातळ थर पसरतो. भार कठीण तांबं पेलतं, घसरायचं काम मऊ शिसं करतं. संसारासारखंच की!

पण शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि खूप तापलं की ग्राफाइटही हवेत जळून जातं. मग जेट इंजिनात काय करायचं? क्लीव्हलंडच्या नासा केंद्रात हॅरॉल्ड स्लायनी यांनी १९६० च्या दशकात कॅल्शियम आणि बेरियमच्या फ्लोराइडांवर काम सुरू केलं. त्यातूनच पुढे पीएस३०४ हा लेप आला. निकेल-क्रोमियम ६० टक्के, क्रोमियम ऑक्साइड २०, चांदी १० आणि ही फ्लोराइडं १०. थंड असताना चांदी सांभाळते, तापल्यावर फ्लोराइडं.

मला सगळ्यात आवडली ती यापुढची गोष्ट. १९७० च्या दशकात मँचेस्टरच्या संशोधकांना दिसलं, की निकेलचे मिश्रधातू उच्च तापमानाला घासले की झिजलेला चुरा ऑक्साइड होऊन पृष्ठभागावर दाबला जातो, त्याची गुळगुळीत झिलई बनते, आणि झीज एकदम कमी होते. चांदी आणि मॉलिब्डेनम एकत्र तापले तर सिल्व्हर मॉलिब्डेट तयार होतं, आणि तेही असंच सहज सरकतं. म्हणजे हे वंगण धातूत आधी नव्हतंच! घासण्यातून आणि तापण्यातून ते जन्माला आलं. किंमत एकच. आधी थोडं झिजावं लागतं.

बाबा आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं. शर्ट मात्र न धुता तसाच ठेवलाय.

असो.